सातवं कौल

तीन रविवार ग्रासियाना म्हातारी डोंगर उतरून चर्चला गेली नव्हती, आणि तीन आठवडे वळचणीखालचं रडणं थांबलं नव्हतं. बारीक रडणं, कोकरू चुकल्यासारखं.

घराच्या उत्तरेला पागोळ्या पडतात तिथं सात कौलं उपडी घातलेली होती. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या तान्ह्यांना चर्चच्या आवारात जागा नसते. त्यांना घरच पोटाशी घेतं. मेणाची वात गुंडाळलेली कोरीव फळी दर रविवारी चर्चमध्ये, ह्या आरिस्पे घराच्या ठरलेल्या जागेवर पेटली की ती तान्ही आठवडाभर गप्प राहत. आता म्हातारीचे गुडघे गेले होते, आणि फळी न्यायला मागं कोणी उरलं नव्हतं.

अशात शनिवारी अर्जेंटिनाहून ओस्वाल्दो आरिस्पे आला. अंगानं भरलेला, बोलघेवडा. दारावरचा नाव कोरलेला दगड त्याला हवा होता.

"मावशी, तिकडं आम्ही तीनशे आरिस्पे आहोत! सगळ्यांसाठी सभागृह बांधलंय. हा दगड तिथं बसवतो."

"तीनशे! आणि इथं दिव्याला एक लंगडी म्हातारी." ती म्हणाली, "तुझं आडनाव 'नवं घर' असतं तर मी काही बोलले नसते. नवं घर गावोगाव असतं, ती माणसं गवतासारखी कुठंही उगवतात. पण आरिस्पे म्हणजे ओकाखालचं घर, ते हे एकच. जगात आरिस्पे दिसला, की तो ह्याच उंबऱ्यावरून गेलेला."

"म्हणजे मी घरचाच की!"

"मग उद्या फळी घेऊन जा."

"ते बायकांचं काम ना?"

"बाई आणली असतीस तर तुला कोण विचारत होतं?"

ओस्वाल्दोचं तोंड उतरलं. "खरं सांगतो मावशी. माझा पणजोबा इथला गडी. रक्ताचा नव्हे. बोटीवर नाव विचारलं, त्यानं घराचं सांगितलं."

"माझा आजेसासरा तरी कुठं रक्ताचा? जमीन कसणारं कुळ म्हणून आला आणि आरिस्पे झाला. नाव घराचं असतं रे. माणसं त्यात राहून जातात."

मग तिनं त्याला वळचणीखाली नेलं. "ही दोन माझी. ही दोन सासूची, ही दोन तिच्या जावेची. सातवं कुणाचं, कुणालाच ठाऊक नाही. पण सगळ्यात जास्त तेच रडतं."

ओस्वाल्दो भिंतीला टेकला. "पणजी मरताना एकच बोलायची, 'पोरगी घरी राहिली.' घरचे म्हणाले, म्हातारीला भ्रम झाला. आजोबांनी मात्र बहीण शोधायला इथं पत्रं पाठवली."

"पत्रं आली होती. आम्ही कळवलं, अशी पोरगी इथं नाही." म्हातारी हळूच खाली बसली. "जिवंतांतच शोधली आम्ही."

दगडाचं नाव पुन्हा निघालं नाही. रविवारी तो फळी घेऊन, प्रेतं नेतात त्याच वाटेनं चर्चला गेला. वात पेटली. गावच्या बायका तोंडात बोटं घालून बघत राहिल्या. घरी म्हातारी वळचणीखाली कान देऊन बसली होती. रडणं थांबलं होतं.

सोमवारी सकाळी त्यानं बॅग उचलली. बोट गाठायची होती.

"येतो, मावशी."

तो वळचणीखालून पुढं झाला, आणि रडणं सुरू झालं. सहा कौलं गप्प होती.

ओस्वाल्दोनं वळून म्हातारीकडं पाहिलं. त्यानं बॅग खाली ठेवली.