उजवीकडून सुरू झालेली वजाबाकी

मी एक जुना फळा आहे. मित्रांनो, माझा जन्म दुम्यात शहरातल्या सुतारआळीत झाला. तिथे नवरीसाठी पलंग आणि कपाटं बनतात. मी त्यातल्याच उरलेल्या लाकडाचा. काळा रंग चढला आणि मी मन्सूऱ्याला, रिफअत उस्तादांच्या घरी आलो.

शिकवणीला येणाऱ्या मुलांना उस्ताद परिमेय राशींची, म्हणजे अक्षरांच्या अपूर्णांकांची, वजाबाकी शिकवत. आमच्या अरबी रिवाजाप्रमाणे लिहीत उजवीकडून डावीकडे, आणि अज्ञात संख्येला म्हणत सीन. दुसऱ्या अंशाला ते आधी कंस घालायला लावत. "उणे चिन्ह पाहुणा आहे," ते सांगत. "घरातल्या प्रत्येकाला सलाम केल्याशिवाय तो बसत नाही." कोणी कंस विसरला, की म्हणत, "थोरल्याला भेटलास, धाकट्याला दारातच ठेवलंस?" पास झालेली मुलं बसबूसा, म्हणजे रव्याची गोड वडी, घेऊन येत आणि जाताना मलाही थोपटत.

एका दुपारी त्यांनी उजवीकडे लिहिलं: तीन सीन अधिक पाच, भागिले सीन अधिक दोन. मग उणे. मग डावीकडे: सीन अधिक एक, भागिले सीन अधिक दोन. छातीवर हात ठेवून ते खुर्चीत बसले, ते पुन्हा उठले नाहीत.

त्यांच्या पत्नी अवातिफबाईंनी माझ्यावर चादर टाकली. शेजारच्या शुक्री काकांनी मला त्यांच्या गच्चीवरच्या कबुतरखान्याचं दार करायला मागितलं. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. परीक्षा जवळ आली होती, मुलं दारापर्यंत येऊन परत जात होती. लेक नाहिद इंजिनिअरिंग शिकत होती. मुलांना मी शिकवते, असं तिने आईला सांगितलं.

"शिकव. पण फळा पुसायचा नाही. अर्धं गणित टाकून ते कधी उठले नव्हते."

"मग मी पूर्ण करते."

तिने चादर काढली. विद्यापीठात सगळं इंग्रजीत, डावीकडून. त्या सवयीने तिने डावी राशी पहिली धरली, कंस उजव्या अंशाला घातला आणि सोडवत गेली. उत्तर आलं उणे दोन. खडू तिच्या हातात तसाच राहिला.

"उणे?" आई म्हणाली. "शेवटचं गणित, आणि उणे?" मग दोन्ही राशींकडे पाहून, "विद्यापीठात गेल्यापासून तू वर्तमानपत्रसुद्धा उलट्या बाजूने उघडतेस."

नाहिदने माझ्याकडे पाहिलं आणि ती हसली. जनाज्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच कोणी हसलं.

तिने बाहीने फक्त स्वतःच्या ओळी पुसल्या. डाव्या अंशाला कंस घातला. पाहुणा दोघांना भेटला: तीन सीनमधून सीन गेला, पाचातून एक गेला. वर उरलं दोन सीन अधिक चार. त्यातून दोन बाहेर काढले, तर कंसात सीन अधिक दोन, खालीही सीन अधिक दोन. दोन्ही कापले. मग कोपऱ्यात बाबांसारखंच बारीक अक्षरात लिहिलं: सीनची किंमत उणे दोन नसावी, नाहीतर छेद शून्य होईल.

उत्तर होतं दोन.

अवातिफबाई त्या आकड्याकडे बघत राहिल्या, मग लेकीकडे. "दोन," त्या म्हणाल्या. "चालेल." त्या स्वयंपाकघरातून ओलं फडकं पिळून घेऊन आल्या आणि मला स्वतः पुसलं, उजवीकडून डावीकडे. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी दाराशी मुलांच्या चपला होत्या. कबुतरांना दुसरं दार मिळालं.

मित्रांनो, फळ्याला जपायचं म्हणून झाकून ठेवू नका. कोणाचं गणित अर्धं राहिलं असेल, तर आधी ते नीट पूर्ण करा. आणि मग पुसा. आम्हाला पुसल्याचं दुःख होत नाही.