खालचा किरण

बायको गेली तेव्हा सगळ्या गल्लीला कळलं. किरण गेला तेव्हा कळलं ते एकट्या मास्तरला.

मास्तर म्हणजे शिंपी. दुकान उघडण्याआधी तो डोळ्यांच्या दवाखान्यात जाऊन बाकावर बसायचा, कारण तिथल्या हॉलच्या छताला त्याच्या बायकोनं केलेला काचेचा तारा टांगलेला होता. त्या सकाळी तो बसला, मान वर केली, आणि खालचा किरण नव्हता. सगळ्यांत लांब होता तो. त्याच्या जागी किडलेल्या दातासारखा बोटभर खुंट उरला होता.

त्या ताऱ्याची हकिकत अशी. बायकोच्या बुबुळाला बाक होता. चष्मा काढला की तिला प्रत्येक ताऱ्याला किरण फुटलेले दिसायचे, वेडेवाकडे, आणि खालचा तर पार लांबलचक. मास्तर म्हणायचा, "अगं, तारा म्हणजे ठिपका." ती म्हणायची, "तुम्हाला सगळीकडे बटणंच दिसतात." ती काचकाम करायची. मोठ्या डॉक्टरांनी तिचे डोळे तपासताना हे ऐकलं, खो खो हसले आणि म्हणाले, "बाई, दिसतो तसाच करून द्या, आमच्या हॉलसाठी." तिनं केला. खालचा किरण खोक्यात मावेना, म्हणून मास्तर तो रजईत गुंडाळून, मांडीवर घेऊन टेम्पोत बसला होता आणि प्रत्येक खड्ड्याला ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. मग शिडीवर चढून तिनं तो स्वतःच्या हातानं बसवला. वर्ष सरायच्या आत ती गेली. एवढं मोठं तिचं दुसरं काम कुठेच नव्हतं.

मास्तरनं काउंटरवरच्या बाईला सांगितलं. ती मान वर न करताच म्हणाली, "असेल की काका तिथेच."

"नाहीये, म्हणून तर सांगतोय."

"मग व्यवस्थापकांशी बोला."

व्यवस्थापक आले. त्यांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, मग मास्तरकडे पाहिलं. आदल्या दिवशी दिवे बदलताना ताऱ्याला शिडी लागली होती, आणि शिडीवरचा वायरमन त्यांचा सख्खा मेहुणा होता. मास्तरला हे पुढे झाडूवालीकडून कळलं. व्यवस्थापकांना ते तेव्हाच ठाऊक होतं.

"तुमचे डोळे शेवटचे कधी तपासले होते?" त्यांनी विचारलं.

"माझे?"

"तेच म्हणतोय. चला आत."

तक्रार घेऊन गेलेला माणूस पेशंट होऊन बाहेर आला. मोतीबिंदू निघाला. "बघा!" व्यवस्थापक खूश होऊन म्हणाले. "म्हणूनच किरण दिसत नाही."

"मग बाकीचे कसे दिसतात?"

"मोतीबिंदूचं काही सांगता येत नाही हो. निवडून निवडून झाकतो तो."

बायकोची धाकटी बहीण तिच्याच भट्टीवर काम करायची. मास्तरनं तिला सगळं सांगितलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. "भाऊजी, तक्रार करायला गेलात आणि मोतीबिंदू घेऊन आलात! पुढच्या खेपेला दाढ काढून याल."

"तुला किरण करता येईल का, तेवढं सांग."

"ताईच्या हाताचा नाही येणार. पण तिचा साचा आहे. जवळपास येईल." तिनं फडक्याला हात पुसले. "पण आधी कुणीतरी तोंडानं म्हणायला हवं ना, की तुटलाय. जे तुटलंच नाही ते दुरुस्त कोण करू देईल?"

मास्तरला पटलं. डोळे अधू असलेल्या माणसाची साक्ष कोण धरणार? त्यानं ऑपरेशन करून घेतलं.

पट्टी निघाल्यावर सुरुवातीला त्याला दिव्यांना किरण फुटलेले दिसत. स्वयंपाकघरातला साधा बल्ब, पण त्याला चहूबाजूंनी काटे. तो खुर्ची ओढून बघत बसला. "अगं, खरंच गं," तो मोठ्यानं म्हणाला. उत्तर द्यायला घरात कोणी नव्हतं. मग डोळे निवळले आणि बल्ब पुन्हा बल्ब झाला.

तपासणीला मोठे डॉक्टर म्हणाले, "उत्तम! आता तुम्हाला मुंगीच्या पायातले पैंजणसुद्धा दिसतील."

"मग जरा हॉलमध्ये चला."

डॉक्टर आले. मागोमाग व्यवस्थापक धापा टाकत आले. मास्तरनं बोट वर केलं. आता त्याला खुंट तर दिसतच होता, खुंटाला लागलेला शिडीचा पिवळा रंगही दिसत होता.

"काय दिसतंय?" त्यानं विचारलं.

हा प्रश्न आयुष्यभर दुसऱ्यांना विचारणारे डॉक्टर स्वतःचा चष्मा पुसायला लागले.

व्यवस्थापक पुढे सरसावले. "साहेब, परवा देणगीदार आले होते. मोठे जाणकार. ते म्हणाले, जो किरण नाही तोच सगळ्यांत जास्त दिसतो! बाईंची कल्पनाच ती होती."

"तिची कल्पना माझ्या मांडीवर होती," मास्तर म्हणाला. "सबंध रस्ताभर. चांगली हातभर लांब."

"तुमच्या भावना समजतात आम्हाला..."

"भावना राहू द्या. शिडी द्या."

शिडीचं नाव निघताच व्यवस्थापकांना खोकल्याची उबळ आली.

डॉक्टर माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी मास्तरला बाजूला घेतलं. "तुटलाय, मला दिसतंय," ते हळूच म्हणाले. "पण आता खाली पाटी लागलीय, 'अपूर्णतेचं तेज' म्हणून. देणगीदारांच्या हस्ते लागलीय. तुटलाय म्हणावं, तर त्यांना डोळे नाहीत असं होईल, आणि तेही आपल्या दवाखान्यात! समितीच्या बैठकीत बघू."

बैठका होतात. एकीत हॉलच्या रंगावर चर्चा झाली, दुसरीत पाटी पितळेची करायचं ठरलं. मास्तर अजूनही सकाळी बाकावर बसतो आणि शेजारच्या पेशंटला विचारतो, "वर काय दिसतंय हो?" ज्यांना धड दिसत नाही तेच डोळे बारीक करून म्हणतात, "एक तुटलाय वाटतं." त्यांना लगेच आत बोलावणं येतं.

धाकटीनं किरण करून ठेवलाय. कामाच्या टेबलावर कापसात आहे. ती वर चढायला तयार आहे, मास्तर शिडी धरायला तयार आहे. किरण अजून बसवायचा राहिला आहे.