इंदूबाईचे आठ किलो

गुडघ्याच्या ऑपरेशनआधी आठ किलो वजन उतरवा, असं डॉक्टरांनी इंदूबाईला सांगितलं ते ऐन गणपतीत. पुढे दसरा, कोजागिरी, दिवाळी. वजन उतरवायला याहून वाईट महिने नव्हते. पण बाई हट्टाची. मुलगा प्रशिक खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला, राहायला कॉलनीत, रस्ते सपाट. रोज सकाळी सून श्वेताचे जुने बूट घालून ती काठी टेकत फाटकापर्यंत जाई आणि परत येई. तीन आठवड्यांत दीड किलो गेलं.

मग दसऱ्याला तुळसाबाई आली. इंदूबाईची मोठी बहीण. दीक्षाभूमीला जायला म्हणून गावाहून आली आणि श्वेताच्या आग्रहावरून दिवाळीपर्यंत राहिली. अंगानं तुराटीसारखी, जन्म दुसऱ्याच्या वावरात निंदण्या-वेचण्यात गेलेला. पहिल्याच सकाळी तिनं बहिणीच्या पायातले बूट पाहिले.

"कुठं चालली वं?"

"फिराले. डॉक्टरनं सांगतलं."

"काम नाई, धंदा नाई, नुसतंच फिराले?" शेजारी ऐकतील अशी ती हसली. "मी सरपणाचा भारा घेऊन तीन कोस चालो, तवा मले कोणी बूट नाई देल्ले."

त्या दिवसापासून तुळसाबाईनं कढई चढवली. प्रशिकच्या पोरांच्या नावानं शेव, करंज्या, अनारसे, आणि पहिली बशी इंदूबाईपुढे. "खाय वं. सुखाचं अंग हाय तुहं, एका करंजीनं काय होते?" कोजागिरीच्या दुधाला शेजारणी जमल्या तेव्हा तिनं सगळ्यांना ऐकवलं, "आमची इंदू लहानपणीही ताटावरून उठे नाई." बायका हसल्या. इंदूबाईनं पेला तसाच खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी तिनं फाटकाच्या दोन फेऱ्या मारल्या. आता ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालत नव्हती, बहिणीवरच्या रागानं चालत होती. पाय दुखले की तिला ते हसणं आठवे आणि काठी जोरात पडे.

धनतेरसच्या सकाळी बूट जागेवर नव्हते.

"ते फाटके?" तुळसाबाई कणीक मळता मळता म्हणाली. "कचऱ्याच्या गाडीत टाकले. सणाले दारात बरे दिसतात का?"

इंदूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. "बाई, काहून इतकी जळून राहिली माह्यावर?"

तुळसाबाईचे हात थांबले. "आयकाचं हाय? बाबानं मले मजुराच्या घरी देलं आन् तुले नोकरीवाला पाहून देला. तुह्या अंगावर जे चढलं ना, ते माह्या लेकरायनं डोयानंही नाई पायलं. मी उपाशी राहून वाळली. तू हौसेनं वाळून राहिली!"

"हौसेनं? माहे गुडघे कायनं गेले, मालूम हाय तुले? लकवा झाल्यावर प्रशिकच्या बापाले सात वर्सं उचललं मी. न्हाणीत, खाटेवर, दिवसातून धा खेपा. तू एक दिवस तरी आली?"

"बोलावलं होतं?"

"बहिणीले बोलवा लागते?"

श्वेता दारातच थबकली. दोघींपैकी कुणी रडलं नाही. इंदूबाई पायात चपला सरकवून फिरायला निघून गेली, आणि ती परत येईपर्यंत तुळसाबाईची पिशवी भरून झाली होती.

प्रशिकनं मोटरसायकल काढली. "मावशी, सणाच्या दिवशी जाऊ नको ना."

"जातो. आन् पायीच जातो," तुळसाबाई म्हणाली.

"मी येतो संगं," इंदूबाई म्हणाली. तिनं काठी उचलली.

बसस्टँड दीड किलोमीटर. तुळसाबाई मुद्दाम झपझप चालली. इंदूबाई गुडघे ठणकत असताना तिच्या खांद्याला खांदा लावून चालत राहिली. पिशवी धरायला हात पुढे केला तर तुळसाबाईनं ती दुसऱ्या हातात घेतली. बस आली. पायरीवर चढून तुळसाबाई मागे वळली.

"ऑपरेशनाले येऊ का नको?"

"नको येऊ."

बस गेली. इंदूबाई बाकड्यावर बसली आणि पायांचं थरथरणं थांबेपर्यंत बसून राहिली. परतताना मात्र तिनं ऑटो केला.

दिवाळीनंतर काटा साडेसहा किलो खाली होता. एवढं पुरे, असं म्हणत डॉक्टरांनी तारीख दिली. दवाखान्यातून बाहेर पडताना प्रशिकनं भीत भीत विचारलं, "आई, मावशीले कळवू?"

इंदूबाई बरीच पावलं चालली.

"कळव," ती म्हणाली. "पण येजो म्हणू नको."