रूपलीबाईच्या घराची लाह

या माणसांपुढे आता डोकं आपटून घ्यावं, असं रूपलीबाईला त्या सकाळी वाटलं आणि तिचं काहीच चुकत नव्हतं. तिचं घर पाडायला सरकारी माणूस आला होता, आणि तिचा सख्खा दीर चैत्या छपरावर चढून त्याला मदत करत होता.

तोरणमाळच्या उतारावरचा तो पाडा. इंग्रज सरकारने जंगल राखीव केलं, हद्दीचे दगड रोवले, आणि दगडांच्या आत सगळ्यात पुढे सापडलं ते या विधवेचं घर. घर मोडा, खाली सपाटीवर जागा देऊ, असा हुकूम होता. सपाटीवरची जागा म्हणजे कुणाच्या तरी शेताचा बांध आणि त्याच शेतात जन्मभर मजुरी, हे खाली राहून आलेल्यांनी तिला सांगितलं होतं. ती हलणार नव्हती. हे घर गेलं की मागोमाग सगळा पाडा जाणार, हेही तिला कळत होतं. बाकीच्यांना कळत होतं की नाही, देव जाणे.

जंगलाचा नाकेदार लोटन एकटाच आला होता. गडी तापीकाठचा, मातीच्या भिंतींत वाढलेला. त्याला ना गवताचं छप्पर उतरवता येई, ना वाशांचे बंध सुटत. शिंकून शिंकून बेजार झाला, तरी सोडेना. आणि एकटा माणूस घराच्या कामाला झटतोय हे बघून पाड्याला चैन पडेना. घर असो की कापणी, डोंगरात एकट्याने करायची नसते. सगळे मिळून हात लावतात. त्याला लाह म्हणतात. ज्याचं काम असेल तो जेवू घालतो, आणि जो जेवला तो काम पुरं होईस्तोवर सुटत नाही. पाडायच्या कामाला लाह करावी की नाही, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही.

रूपलीबाईने एकेकाला नावं घेऊन झापलं. चैत्या वरूनच म्हणाला की भाभी, हा नाकेदार खांब मोडून ठेवेल, आम्ही नीट सोडवतो. जणू खांब वाचले की घर वाचलं! सूर्य डोक्यावर आला तेव्हा अंगणात वासे, कुडाच्या भिंती आणि गवताच्या पेंढ्या व्यवस्थित रचलेल्या होत्या, आणि सगळे ओळीने जेवायला बसले होते. लोटनकडे बघत.

लोटन खूश होता. पाडा निमूटपणे वळणावर आला असं त्याला वाटलं. जेवणाचं विचारलं तेव्हा तो हसला. त्याच्याकडे स्वतःपुरतीही शिदोरी नव्हती.

रूपलीबाई संतापली होती. तिने उघड्यावरच चूल मांडली, घरातलं होतं नव्हतं ते पीठ काढलं, भाकऱ्या थापल्या, उडदाची डाळ रांधली आणि सगळ्यांना वाढली. लोटनलाही. भुकेला माणूस पोटभर जेवला, वर पुन्हा डाळ मागितली.

हात धुऊन तो उठला तशी ती त्याच्यासमोर उभी राहिली. बाजारात शिकलेल्या अहिराणीत म्हणाली, “तू जेवना ना? मंग हे काम मन्हं शे. आनि ते अर्धंच व्हयनं शे. खांब उचल.”

जेवू घातलं तिने, म्हणजे काम तिचं, आणि तिचं काम घर उभं करायचं. पाड्याला तेवढं पुरलं. बसलेले सगळे उठले. कुणी हुकुमाबद्दल बोललं नाही, कुणी सरकारला शिव्या घातल्या नाहीत. जेवण झालं होतं, काम बाकी होतं. लोटन ओरडला, हद्दीचे दगड दाखवले, साहेबाचं नाव घेतलं. चैत्याने त्याला शांतपणे आढ्याचं एक टोक धरायला सांगितलं. पोटात तिचीच भाकर. त्याने चडफडत धरलं.

उन्हं उतरता उतरता घर होतं त्याच जागी उभं राहिलं. पूर्वीपेक्षा सरळच.

जाताना लोटनचा चेहरा उतरला होता. “साहेब आते दुसरा मानसे धाडी,” तो म्हणाला. “त्या घर जाळी टाकतीन, माय.”

रूपलीबाईला भीती वाटली. खरीखुरी. त्याहून जास्त वाटला तो वैताग, की हे सगळं पुन्हा करावं लागणार आणि डब्यात पिठाचा कण उरलेला नाही.

“कितला मानसे येतीन, ते आगोदर सांगी ठेव,” ती म्हणाली. “तितलं दळी ठेवसू.”