ओल्या पानांचा वास

मुलीच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. पत्र छोटंसंच होतं. 'बाबा, आईच्या टोमॅटोचं बी पाठवाल का? आणि ती पाणी कसं घालायची, तेही लिहा.' त्या दुसऱ्या वाक्यापाशी माझं पेन अडायचं.

हिला जाऊन वर्ष होत आलं होतं. ती सकाळी झाडांच्या बुडाशी पाणी घालायची. मी झारी उचलली की ओरडायची, "अहो, पानांना कसली आंघोळ घालताय? तहान मुळांना लागते!" ग्रंथालयात जन्म गेलेला माणूस मी, निमूटपणे झारी खाली ठेवायचो.

तिनं राखलेलं सगळं बी यंदा मी मागच्या अंगणात लावलं. एका संध्याकाळी पानांवर चुकून पाणी सांडलं आणि तिच्या हातांचा वास आला. फुटवे खुडून ती घरात आली की यायचा, तोच हिरवा, उग्र वास. मग मी रोज संध्याकाळी झाडं नखशिखांत भिजवू लागलो.

आभाळ भरून राहिलं त्या आठवड्यात पानांवर तपकिरी, तेलकट डाग उठले. शेजारच्या निवृत्त नर्स, आमच्या सिस्टर, कुंपणावरून वाकल्या.

"भाऊ, करपा आहे हा. पाणी कसं घालता?"

"वरून... झारीनं. संध्याकाळी."

"म्हणजे रात्रभर पानं ओली! वहिनी असत्या तर तीच झारी तुमच्या डोक्यात घातली असती."

"डागाळलेली पानं काढून टाकतो. फवारणीवर एक पुस्तक आहे माझ्याकडे..."

"फवारायचं ते आधी, भाऊ. तुमचं पुस्तक वाचून होईपर्यंत माझीही झाडं जातील. उपटा सगळी." मग त्यांचा आवाज उतरला. "मी येऊ का मदतीला?"

"नको. मीच करतो."

एकेक झाड उपटून पोत्यात भरलं. कोपऱ्यातल्या झाडापर्यंत माझी झारी पोचत नसे. त्याच्या बुडाशी नळाचं पाणी झिरपायचं. तेवढं एक निरोगी होतं. त्यावर एकच फळ पिकलं होतं.

मी हात पुढे केला.

"थांबा!" सिस्टर कुंपणावरून ओरडल्या. "त्या हातांनी शिवू नका त्याला. आधी साबणानं स्वच्छ धुवा."

मी नळाशी गेलो. हात नाकाशी नेले. इतका दाट वास ती असतानाही कधी आला नव्हता. बऱ्याच वेळानं मी साबण घेतला.

फळातला गर पाण्यात भिजत ठेवला, बी धुतलं, कागदावर वाळवलं. मग लिहायला बसलो. 'पाणी सकाळी घाल, बुडाशी. पानं ओली करू नकोस. आई असंच करायची. मी तसं केलं नाही, म्हणून बी थोडंच आहे.'

बियांची पुडी घालून पाकीट चिकटवलं आणि नाक्यावरच्या पेटीत टाकलं. परतताना सवयीनं हात नाकाशी गेला. डिंकाचा वास होता.