लोहशिखराच्या दारावरची दोरी

लोहशिखराचं दार आतून बंद का, यावर खेळणाऱ्यांची वर्षभर भांडणं चालू होती. लोहशिखर म्हणजे आमच्या कंपनीच्या ऑनलाइन खेळातलं, डोंगराच्या पोटातलं खुज्यांचं प्राचीन शहर. दारावर गवताची दोरी, तिच्यात खोचलेले कोळसे आणि पाइनच्या डहाळ्या. कुणी म्हणे, खुज्यांनी खोल खणताना राक्षस उठवला. कुणी म्हणे, साथ आली. कोळसे ही जाळलेल्या प्रेतांची खूण. एकाने तर डहाळ्यांवरून मेलेल्यांचा हिशेब मांडला होता.

ती दोरी मी लावली होती. पोट टेबलाला टेकत होतं तेव्हा, बाळंतपणाच्या रजेवर जाता जाता. मुलगी झाली की आमच्या देशात पूर्वी घराच्या दाराला अशीच दोरी बांधत. मुलगा असला तर लाल मिरच्याही. आत बाळंतीण आहे, परक्याने पाऊल टाकू नये. माझ्या कथेत खुज्यांना पिढ्यान् पिढ्या मूल नव्हतं, आणि आता झालं होतं. एवढंच गुपित. पण ते कुणाला सांगायच्या आत रजा लागली, आणि परतले तर माझ्या जागी ग्यूह्वान बसलेला. मला घरी बसवलं ते गोड बोलून.

एका दुपारी माझी मुलगी इसूल झोपली तेव्हा मी खेळणाऱ्यांच्या चर्चेत, नाव न देता, दोरीचा अर्थ लिहिला. लगेच उत्तर आलं: "काकू, तिकडे भात करपतोय."

त्याच आठवड्यात ग्यूह्वानचा फोन आला. वाईट माणूस नाही तो. दार उघडायचं ठरलंय, लोकांना साथच आवडलीय, तेव्हा आत प्रेतं ठेवतोय, म्हणाला. मी दोरीचं सांगितलं.

"ताई, आम्ही सगळे इस्पितळात जन्मलेलो. कुणाला कळणार हे? तुम्ही तरी इसूलच्या वेळी दाराला बांधलीत का?"

नव्हती बांधली. इस्पितळातून बाळंतिणींची देखभाल करणाऱ्या केंद्रात, तिथून चौदाव्या मजल्यावर. दाराला खुंटीसुद्धा नाही. माझ्या मुलीसाठी दोरी बांधली गेली ती एकाच दाराला.

"नाही," मी म्हटलं.

"मग?" तो म्हणाला. चिडून नाही, खरंच विचारत होता.

दार उघडायच्या दिवशी इसूलला मांडीवर घेऊन मी खेळातल्या माझ्या जुन्या पात्राला, एका खुजीला, दारासमोर उभं केलं. गर्दी तिच्या अंगातून आरपार गेली. दोरी तुटली, तिचे तुकडे 'शापित दोरी' म्हणून ज्याच्या त्याच्या पिशवीत पडले. आत मी कोरलेला दगडी पाळणा होता. त्यात त्यांनी हाडं ठेवली होती. इवलीशी, अगदी मापाची.

इसूलने पडद्यावर बोट टेकवलं. "बाळ."

"हो," मी म्हटलं. "निजलंय. आवाज नको करूस."

तिने ओठांवर बोट ठेवलं. आत लोक पाळणा फोडत होते.