पुलाच्या मधले नऊ इंच

ओढ्याच्या दोन काठांवरच्या दोन नगरपरिषदा एक झाल्या तो दिवस इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिला जाईल, असं नव्या संयुक्त परिषदेचे अध्यक्ष भाषणात तीनदा म्हणाले. ऐकणाऱ्यांनी ते तिन्ही वेळा उभ्यानेच ऐकलं. खुर्च्या समोरच्या काठावरचे आणतील, असं दोन्हीकडचे धरून चालले होते.

मागच्या रांगेतल्या हिरवेकाकांना इतिहासाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या डोक्यात पूल होता.

ओढ्यावरचा तो लोखंडी कठड्यांचा पूल दोन्ही परिषदांचा, निम्मानिम्मा. काका अलीकडच्या परिषदेचे रंगारी. आपल्या वाटणीचा कठडा ते एकतीस वर्षं हिरवा रंगवत आले होते. हिरवाच का, तर पहिल्या वर्षी शाळेच्या खिडक्यांचा रंग उरला होता. पुढे त्याचीच परंपरा झाली. उरलेला निम्मा पलीकडच्या परिषदेचा रंगारी पिवळा करायचा. तिकडे काय रंगवून काय उरलं होतं, हे त्याने कधीच कबूल केलं नाही. लोकांनी एकाला हिरवेकाका केलं, दुसऱ्याला पिवळेकाका. खरी नावं आठवायला घरच्यांनाही जरा वेळ लागे.

पावसाळा सरला, लोखंड वाळलं, की दोघं एकाच सकाळी आपापल्या टोकाला ब्रश लावायचे आणि तिसऱ्या दिवशी दुपारी मध्यावर भेटायचे. आता मध्य कुठे, हे दोन परिषदांनी आपापल्या टेपने मोजून ठेवलेलं. दोन खुणांच्या मध्ये नऊ इंच उरत होते. ते कोणीच रंगवले नाहीत. दुसऱ्याच्या हद्दीत ब्रश गेला, तर जाब कोण देणार? एकतीस वर्षांत तिथे गंजाच्या खपल्या धरल्या होत्या, आणि त्या गंजाच्या अल्याडपल्याड बसून दोघं डबा खायचे.

"ओघळ आलाय तुझ्या कठड्याला," पिवळेकाका म्हणायचे.

"ओघळ नाही, नक्षी आहे ती. तुझ्या बाजूला चार शहाणी माणसं असती तर तुला कळलं असतं."

वर्षातून भेट एवढीच. हिरवेकाकांच्या पोरींची लग्नं झाली, हिरवेकाकूंचे गुडघे धरले, पिवळेकाकांची बायको गेली. सगळं एकमेकांना कळलं ते त्या नऊ इंचांवरून. पिवळेकाकांची बायको गेली त्या वर्षी हिरवेकाकांनी डब्यातली अर्धी भाजी गंजावरून पलीकडे सरकवली होती आणि ओघळाचा विषय काढला नव्हता.

आता परिषद एक, म्हणजे पूल एक, म्हणजे रंगही एकच. हिरवेकाकांच्या निवृत्तीला चार महिने राहिले होते. यंदाचा हात शेवटचा, आणि तोही आपल्या रंगाचा नसेल, या विचाराने ते ताटावरून अर्ध्यातच उठू लागले.

"नोकरी सुटतेय त्याचं काही नाही," काकू म्हणाल्या, "कठड्याचं सुतक धरून बसलेत!"

शेवटी दोघं काका मिळून नव्या कचेरीत गेले. विलीनीकरणाचं काम बघणाऱ्या मॅडम वयाने त्यांच्या पोरींएवढ्या. त्यांच्या टेबलावर दोन परिषदांचे दोन शिक्के आणि दोन घंट्या होत्या.

"पुलाची जुनी फाईल मागवलीय, काका. ती आली की रंग ठरेल. तोवर कोणी ब्रश लावायचा नाही."

"ऊन चांगलं पडलंय, मॅडम. फाईल कधी येईल?"

"येईल."

बाहेर आल्यावर पिवळेकाका म्हणाले, "'येईल' म्हणजे तू घरी बसल्यावर. उद्या सकाळी ये. डबा घेऊन ये."

सकाळी दोघांनी सरकारी आदेश मोडून आपापल्या टोकापासून सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी दुपारी मध्यावर आले.

"हे आता कोणाचं रे?" गंजाकडे बघत पिवळेकाका म्हणाले.

"आता जाब विचारणारा एकच आहे. म्हणजे दोघांचं."

दोघांनी खरवडायला घेतलं. गंज खपल्याखपल्यांनी ओढ्यात पडत होता. कोणी वाकून बघितलं नाही. मग हिरवेकाकांनी आपला उरलेला रंग पिवळ्या डब्यात ओतला. पोपटी झाला. चार इंच याने, चार त्याने रंगवले. मधला एक इंच कोणाचा यावर थोडी बाचाबाची झाली, ती बरी वाटली.

डबे उघडायची वेळ झाली तर बसायचं कुठे कळेना. एवढी वर्षं जागा गंज सांगायचा. पहिल्यांदाच दोघं एका बाजूला बसले.

"ओघळ आलाय," पिवळेकाका म्हणाले.

"कोणाचा?"

पिवळेकाकांनी डब्याचं झाकण काढलं.

तेवढ्यात स्कूटरवरून मॅडम आल्या, मांडीवर फाईल दाबून. दोघांनी रंगलेले हात पाठीमागे घेतले. मॅडमनी हिरवा बघितला, पिवळा बघितला, पोपटीवर जरा थबकल्या.

"मॅडम, चूक माझी," हिरवेकाका म्हणाले. "याला मीच बोलावलं."

"खोटं बोलतोय," पिवळेकाका म्हणाले.

"राहू द्या काका, कोणावर काही कारवाई होत नाही." त्यांनी फाईल उघडून पहिलंच पान पुढे धरलं. "हा पूल आपल्या परिषदेचा नाही. आधीच्या दोघींपैकी एकीचाही नव्हता. पहिल्यापासून रस्ते खात्याचा आहे."

खात्याच्या नोंदीप्रमाणे पुलाचा रंग करडा होता.